लंगडा रूळ, कोरा रकाना

रविवार, २० नोव्हेंबर १९५५

पुण्याच्या दुकानदाराने यंत्राबरोबर ही वही फुकट दिली. वर यंत्राचं चित्र, आत कोरी पानं. थोरला म्हणाला, "आई, हिच्यात गिरणीचं कायबाय लिवून ठिवायचं आसतंय." म्हटलं, ठेवू की. मला अक्षर येत नाही, पण तोंड आहे. त्याला सूनबाईचा हात जोडला की काम झालं.

तर मी बोलते आणि रत्ना लिहिते. सातवीपर्यंत शिकलेली सून आमच्या वाडीत दुसरी नाही. माझं बोलणं ती धुऊन, पिळून, वाळत घालून कागदावर आणते. वाचून दाखवते तेव्हा वाटतं, ही कोण शहाणी बाई बोलते आहे. दुसऱ्यांशी झालेलं बोलणं मात्र जसं असेल तसंच लिही, असं बजावलं आहे. आणखी एक नियम केला: नवीन लिहायच्या आधी मागचं वाचून दाखवायचं. मला वाचता येत नाही म्हणून कुणी काहीही लिहावं, असं चालायचं नाही.

पहिल्याच ओळीला गाडी अडली. मी माझ्या मुलाचं नाव सांगितलं, तर हिचा टाक हलेना.

"आत्याबाई, त्यांचं नाव मी कसं लिवू?"

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे मलाही ठाऊक. पण कागदावरही नको, हे हिनं आपल्या मनानं वाढवलं. म्हटलं, मग काय लिहिशील? म्हणाली, थोरले लिहिते. म्हटलं, मी आई आहे त्याची, थोरला लिही. तेवढ्यावर तडजोड झाली.

आता यंत्राचं. भात सडायचं, म्हणजे तूस काढून तांदूळ करायचं यंत्र आहे हे. विलायतेत बनलं, बोटीनं मुंबईला उतरलं, मुंबईहून पुण्याच्या दुकानात आणि काल तिथून आमच्या दारात. त्याला फिरवायचं इंजिन मात्र देशी, कुणाच्या तरी विहिरीवर राबून म्हातारं झालेलं. थोरल्यानं यंत्रासाठी खोंडांची जोडी विकली आणि मग यंत्र ओढून आणायला शेजाऱ्याचे बैल मागितले. आमचे घरधनी ओटीवर बसून हे बघत होते. त्यांना ऐकू कमी येतं, दिसतं मात्र सगळं. म्हणाले, "बैल हुते तवा वढायला काय नव्हतं. आता वढायला आलं तर बैल न्हाईत."

 पण गिरणी चालेल, हे मी आजच लिहून ठेवते. आंबेमोहर पिकवणारी खाचरं चहूकडे, आणि भात सडायला बायकांचे खांदे. एवढं बघायला अक्षर लागत नाही.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

आज नारळ फोडला. इंजिनाचं बघायला वाल्मीक आहे. कारखान्यात काम करून आलेला गडी, बोलतो कमी आणि हातांवर तेल जास्त. पट्टा चढवला, यंत्र गरगरलं, आणि जमलेल्या बायांनी एकदम तोंडाला पदर लावला. भिमाबाईनं विचारलं, "बाय, ह्याला भूक किती लागती?" ही डोंगरावरच्या वस्तीतली. वीस वर्षं माझ्याबरोबर सुगीत भात कांडते. म्हटलं, तुझ्याइतकी नाही. ती हसली, पण जरा उशिरानं.

यंत्राबरोबर एक जाड कागद आला आहे. त्याला हमीचं कार्ड म्हणतात. वर्षभरात यंत्रात खोट निघाली तर कंपनी सुधारून देणार, पण पंधरा दिवसांत कार्ड भरून मुंबईच्या कचेरीत पोचलं पाहिजे. इंग्रजी रकान्यांच्या खाली दुकानातल्या कारकुनानं शिसपेन्सिलीनं मराठी लिहून दिलं आहे. थोरला आकडे बरोबर ओळखतो, पण अक्षर पाहिलं की त्याला शेतावर काम आठवतं. म्हणून रत्नीनं भरलं. गाव घातलं, तालुका घातला, तारीख घातली, यंत्राच्या पाठीवरचा लांबलचक नंबर घातला. "समदं घातलंस ना?" विचारलं. "घातलं की," म्हणाली. स्वतः पौडाला जाऊन पोष्टाच्या पेटीत टाकून आली. हुशार पोर आहे.

शुक्रवार, २ डिसेंबर

पहिलं मोठं भात आलं ते सगुणाबाईचं. बावीस तारखेला तिच्या लेकीचं लग्न. आंबेमोहर, या वर्षीचा, उन्हं नीट दिलेला. पोती उतरवताना अंगणभर वास.

यंत्रातून तांदूळ पडायला लागला. मी ओंजळ धरली आणि तशीच उभी राहिले. अर्धे दाणे मोडलेले. कणीच कणी. मी हात वर करून वाल्मीकला थांबवेपर्यंत दोन पोती गेली.

सगुणाबाईनं सुपात घेतलं, पाखडलं, माझ्यासमोर धरलं. "आक्का, ह्याच्या आक्षता करू? माज्या लेकीच्या डोस्क्यावर मोडका दाना टाकू?"

अक्षता म्हणजे अखंड दाणा. मोडका तांदूळ नवरानवरीवर टाकत नाहीत. ती बाई रडत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती सूप धरून उभी होती. ते जास्त लागलं.

थोरला सांगायला लागला, यंत्रात खोट आहे, दुकानाला कळवतो, कंपनीची हमी आहे. मी त्याला गप्प केलं. म्हटलं, सगुणाबाई, तुला जेवढा हवा तेवढा अखंड तांदूळ लग्नाच्या आधी तुझ्या घरी येईल. भात माझ्या कणगीतलं, सडणार आम्ही हातानं.

ती गेल्यावर थोरला म्हणाला, "आपुन कशापाई भरून द्यायचं? आपुन काय मुद्दाम मोडला?"

"तिनं भात विलायतंला दिलं हुतं का? माज्या दारात वतलं."

 संध्याकाळी कणगी उघडताना मात्र मलाच जरा धस्स झालं. कणगी दिसते तेवढी खोल नसते. हे एक वाक्य नको लिहू म्हटलं, तरी लिहिलंस का, रत्ने?

सोमवार, ५ डिसेंबर

उखळ पुन्हा अंगणात आलं. माझ्या माहेरचं आहे. माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्याआधी बापानं हे काढून गाडीत घालून दिलं होतं. भिमाबाईला निरोप धाडला, तर ती निरोप्याच्या आधी पोचली.

"तुजं यंत्र लंगडं झालं म्हनं. देवानं माजं गाऱ्हानं आयकलं, बाय."

"देवाला दुसरं काम न्हाई व्हय?"

"माज्या मुसळाला तरी कुटं दुसरं काम हाय?"

लई हसलो दोघी. थट्टेखोर बाई आहे.

आम्ही दोघी मुसळ घालत होतो आणि पलीकडे वाल्मीकनं तपासायला यंत्र रिकामंच चालू केलं होतं. थोड्या वेळानं आमचा ताल चुकायला लागला. वीस वर्षांत आमची मुसळं एकमेकींना लागली नाहीत, ती आज दोनदा लागली. भिमाबाई थांबली. "ते चालतंय कसं आईक." मी ऐकलं. घर्र घर्र घर्र, आणि मग एक ठेच. पुन्हा घर्र घर्र घर्र, ठेच. दर फेऱ्याला एक. पाय आखूड असलेल्या माणसाच्या चालण्यासारखं.

वाल्मीकला बोलावून म्हटलं, तुझं यंत्र लंगडतं. तो म्हणाला, "आजे, इलायती हाय ते." म्हटलं, विलायतेत लंगडी माणसं नसतात का?

शनिवार, १० डिसेंबर

थोरला पुण्याला जाऊन आला. दुकानदारानं चहा पाजला आणि सांगितलं: तुमचा तांदूळ नाजूक, तुमचं इंजिन जुनं, तुमचा माणूस नवीन. म्हणजे यंत्र सोडून बाकी सगळं बिघडलेलं.

या आठवड्यात गिरणीवर एकही पोतं आलं नाही. लोक समोरून जाताना विचारतात, "काय म्हनतीया गिरनी?" आणि उत्तर न ऐकता जातात. थोरला जेवताना बोलत नाही. मला ते आवडत नाही. जेवताना तो बोलतो म्हणून तर मी वाढायला बसते.

बुधवार, १४ डिसेंबर

ग्रहण. यंत्र बंद, उखळ बंद, चूलही बंद. घरधनी म्हणाले, सूर्यालाही खोट निघाली. त्याची हमी कुणाकडे आहे म्हणे. मी म्हटलं, तुम्ही ओटीवर बसा.

गुरुवार, १५ डिसेंबर

आज मी रूळ काढायला लावला. यंत्राच्या पोटात हातभर लांबीचा लोखंडी रूळ असतो, तो फिरतो आणि भाताचं तूस निघतं. वाल्मीक काढायला तयार नव्हता. मी त्याला सांगितलं, बाजारात लाटणं घेताना मी ते आधी पाटावर फिरवून बघते. वाकडं लाटणं लगेच कळतं. तीन आण्याच्या लाटण्याला जे करते ते ह्याला का नको?

रुळाच्या दोन्ही अंगांना दांडा बाहेर आलेला असतो. दोन पाट उभे केले, दांड्याची टोकं त्यांच्या कडेवर टेकवली, आणि हलकेच फिरवून सोडून दिला. रूळ डुलला, मागं आला, पुढं गेला आणि थांबला. जिथं खाली थांबला तिथं मी कुंकवाचं बोट लावलं. पुन्हा फिरवला. पुन्हा कुंकू खाली. दहादा फिरवला, दहादा कुंकू जमिनीकडे. एका अंगाला रूळ जड. ओततानाच लोखंड एकीकडे बसलं असणार, असं वाल्मीक म्हणाला. मग त्यानं कान धरले. मी त्याला गूळ दिला.

परवा पुण्याला जायचं. मी, थोरला आणि कागद वाचायला रत्ना. रत्नी म्हणते, तिचं काय काम. चल म्हटलं, कार्ड तू भरलंस, कार्डाचं तूच बघ. तिला बरं वाटत नाही म्हणते. एसटीच्या नावानं पुष्कळांना बरं वाटत नाही.

शनिवार, १७ डिसेंबर

पुणं पाहिलं. काही विशेष नाही. माणसं भरभर चालतात आणि पोचत कुठंच नाहीत.

दुकान मोठं, खाली शहाबादी फरशी, मध्ये आमच्यासारखंच एक यंत्र मांडलेलं, त्याला हार घातलेला. दुकानदार पन्नाशीचा, गुळगुळीत बोलणारा. थोरल्यानं खांद्यावरचा रूळ उतरवला. मी दोन तिपाया मागितल्या आणि त्यांच्यामध्ये रूळ ठेवला. फिरवला. कुंकू खाली. दुकानदारानं स्वतः फिरवून पाहिला. कुंकू खाली. दुसऱ्या बोटानं फिरवला, तरी खाली.

"आजीबाई," तो म्हणाला, "तुम्ही म्हणता ते खरंही असेल. पण यंत्र आम्ही बनवत नाही. आम्ही फक्त विकतो. आमच्याकडे ते मुंबईच्या एजंटाकडून येतं. एजंट ते बोटीवरून उतरवून घेतो. बनवणारे सात समुद्रांपलीकडे. मी काय करणार?"

मी म्हटलं, "मालक, आमी पैकं दिलं तवा मधी येकबी समुद्र लागला न्हाई. गाऱ्हानं आणलं तर सात लागत्यात व्हय?"

कारकून हसला. दुकानदारानं त्याच्याकडे पाहिल्यावर तो कपाटात काहीतरी शोधायला लागला, आणि त्याला नेमकं तेच सापडलं: आमचं हमीचं कार्ड. मुंबईहून परत आलेलं. वर लाल शाईनं काहीतरी खरडलेलं.

"हे बघा," दुकानदार म्हणाला. त्याच्या आवाजात एकदम जोर आला. "नावाचा रकाना कोरा आहे. मालकाचं नावच नाही. कंपनी म्हणते, मालक नाही तर हमी कुणाला द्यायची? आता ती तर बांधील नाहीच, मग मी कसा असेन?"

थोरला चकित झाला. मीही. म्हटलं, रत्ने, बघ गं, पोष्टात भिजून नाव पुसलं की काय? तिनं कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि परत दिलं. काही बोललीच नाही. दुकानातल्या गर्दीला बुजली असेल.

परत येताना एसटीत मी पोष्टखात्याला मनातल्या मनात लई शिव्या दिल्या. शाई पुसली ती नेमकी नावाचीच कशी पुसली? गावाची का नाही? कुणीतरी मुद्दाम पुसली असणार. थोरल्याला मी सांगितलं, मुंबईच्या कचेरीतल्या कारकुनाचं हे काम. हमी द्यायला नको म्हणून.

आज रत्नी फार हळू लिहिते आहे. शाईचे डाग पडताहेत. मी विचारलं, हात दुखतो का? म्हणाली, होय.

रविवार, १८ डिसेंबर

आत्याबाई उखळाकडे गेल्या आहेत. त्यांनी सांगितलं नाही, तरी हे मी लिहिते.

शाई पुसली नाही. मीच नाव लिहिलं नव्हतं. बाकी सगळे रकाने भरले आणि त्या एकापाशी टाक थांबला. वाटलं, दुकानाची पावती त्यांच्याच नावाची आहे, त्यांना ठाऊकच असणार. पोष्टातल्या मास्तरांकडून लिहून घ्यावं असंही मनात आलं. पण ते विचारणार, "नाव काय?" आणि मग ते सांगणार कोण? म्हणून तसंच पेटीत टाकलं.

मागचं वाचून दाखवायचा नियम आहे. हे पान मी वाचताना गाळलं तर आत्याबाईंना कधीच कळणार नाही. पोष्टाला शिव्या घालत राहतील. काल रात्रभर मी हाच विचार केला.

सोमवार, १९ डिसेंबर

नियमाप्रमाणे रत्नीनं मागचं वाचून दाखवलं. सगळं.

वाचून झाल्यावर ती मान खाली घालून बसली. मला राग आला नाही.  माझ्या डोक्यात एकच आलं, की तिच्या जागी मी असते तर? अक्षर येत असतं आणि कार्डावर माझ्या घरधन्यांचं नाव लिहायचं असतं तर? म्हटलं, बघूया. "लिही," म्हटलं, "तुज्या सासऱ्यांचं नाव..." आणि जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. चाळीस वर्षांच्या संसारात ते नाव मी लग्नात एकदा घेतलं, बारशाला एकदा. तेही उखाण्यात, धावत.

रत्नी हळूच म्हणाली, "न्हाई येत ना?"

"गप बस. मी शिकल्याली न्हाई, मला चालतं."

मग दोघींना हसू आवरेना. थोरला आत डोकावला, आम्हाला बघून परत गेला. त्याला मी जेवताना सांगितलं. तो रत्नीला काही बोलला नाही. नुसतं म्हणाला, "माजं नाव येवढं जड हाय, ते ठावं नव्हतं." आज तो जेवताना बोलला, हे लिहून ठेव.

आता एवढं नक्की झालं. रकाना कोरा राहिला तो आमच्या घरात. मुंबईच्या कारकुनाला मी उगाच बोलले, ते परत घेते. पोष्टाला दिलेल्या शिव्याही परत. आणि पुण्याला पुन्हा जायचं.

"आता जाऊन काय सांगनार?" थोरल्यानं विचारलं.

"खरं काय त्ये."

गुरुवार, २२ डिसेंबर

सगुणाबाईच्या लेकीचं लग्न लागलं. अक्षतांचा तांदूळ परवाच पोचवला होता. भिमाबाईनं सडला, मी पाखडला, रत्नीनं एक एक दाणा बघून निवडला. मांडवात सगुणाबाईनं माझ्या हातावर अक्षता ठेवल्या आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "बघून घ्या आक्का, आपलाच हाय." मी खरंच मूठ उघडून पाहिलं. सगळ्या बाया हसल्या. हसू देत. एकही मोडका नव्हता.

मांडवात दोघा-तिघांनी विचारलं, गिरणी कधी सुरू होणार. सगुणाबाईनंच माझ्याआधी उत्तर दिलं, "व्हईल की. तिथं मोडलं तर भरून देत्यात."

मंगळवार, २७ डिसेंबर

पुन्हा पुणं. पुन्हा रूळ थोरल्याच्या खांद्यावर, पुन्हा रत्नी बरोबर. आज दुकानात कोळवण खोऱ्यातले दोघं शेतकरी आधीच बसले होते, हार घातलेल्या यंत्राची बोलणी करायला. दुकानदार म्हणाला, आजीबाई, जरा बाहेर थांबा. म्हटलं, थांबते की, हितंच. आणि यंत्राशेजारी खाली बसले.

बसल्या बसल्याच सांगितलं, "मालक, त्या दिवशी आमी शाई पुसली म्हनलो. ते खोटं हुतं. माज्या सुनंनं नाव लिवलंच न्हवतं. नवऱ्याचं हुतं म्हनून. चूक आमच्या घरातली हाय, मी ती घ्यायला आलीया."

दुकानदाराला याचं काय करावं ते कळेना. चूक घ्यायला आलेलं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नसावं.

"बरं, मग..." तो म्हणाला.

"मग आता तुमची घ्या."

"माझी कसली?"

"सुनंनं नाव लिवलं आसतं तर रूळ सरळ झाला आसता का?"

 कोळवणचे दोघं माझ्याकडे वळले. त्यातला म्हातारा म्हणाला, "कसला रूळ, बाई?" मी थोरल्याला सांगितलं, दाखव. तिपाया आल्या. कुंकू अजून रुळावर होतं. फिरवला. खाली. म्हाताऱ्यानं फिरवला. खाली.

"शेट," म्हातारा म्हणाला, "आमच्या यंतराचाबी रूळ काढून दावा."

"अहो, ते अगदी चांगलं आहे. विलायती माल आहे."

"ह्योबी विलायतीच हाय की."

मग मी विचारलं, अगदी हळू, कारण मोठ्यानं विचारायची गरज नव्हती. "मालक, येवढंच सांगा. ह्या बाबांचं यंत्र उद्या मोडलं तर त्यांनी कुनाच्या दारात यायचं? तुमच्या, का बोटवाल्याच्या? माजा तांदूळ मोडला तवा ती बाई माज्या दारात आली. मी तिला विलायतंचा पत्ता न्हाई सांगितला. कनगी उघडली."

दुकानदारानं टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. कारकुनाला हाक मारली. हार उतरवून यंत्र उघडलं. त्याचा रूळ तिपायांवर ठेवला. मी कुंकू लावलं. फिरवला. कुंकू वर थांबलं. पुन्हा फिरवला, बाजूला. पुन्हा, खाली. सरळ होता.

"हा घेऊन जा," दुकानदार म्हणाला. "तुमचा मी मुंबईला पाठवतो. एजंटाशी मी भांडतो. तो कंपनीशी भांडू दे." मग कोळवणच्या म्हाताऱ्याकडे वळून म्हणाला, "तुमचा दुसरा मागवतो आणि तुमच्यासमोर फिरवून देतो." म्हातारा म्हणाला, "कुकू आमी आनू."

निघताना दुकानदारानं नवं कार्ड दिलं. थोरल्याला म्हणाला, "या वेळी नाव तेवढं घाला." थोरल्यानं कार्ड घेतलं आणि रत्नीकडे न बघता रत्नीच्या हातात दिलं.

मला दुकानदार म्हणाला, "आजीबाई, दुकानात नोकरी करता का?" म्हटलं, मला अक्षर येत नाही. म्हणाला, "मला येतं, त्याचा काय उपयोग झाला?" तसा बरा माणूस आहे.

रविवार, १ जानेवारी १९५६

नवा रूळ बसला. यंत्र चालू झालं तेव्हा मी डोळे मिटून ऐकलं. घर्र घर्र घर्र घर्र. ठेच नाही. भिमाबाईनंही कान दिला आणि मान हलवली. तिच्याशी माझं ठरलं आहे: गिरणीवर पाखडायचं काम तिचं, आणि लग्नाच्या अक्षता यंत्रात घालायच्या नाहीत, उखळातच, तिच्या हातानं. ती म्हणाली, "म्हंजी देवानं निम्मं आयकलं." म्हटलं, निम्मं पुष्कळ झालं.

पहिलं पोतं सगुणाबाईनंच आणलं. तांदूळ पडू लागला तशी तिनं ओंजळ धरली, बोटानं दाणे चिवडले. "कनी हाय की हो आक्का थोडी."

"तेवढी नगं का? कोंबड्यांनी काय खायाचं?"

मग कार्डाचं काम. आज टाळायचं नाही म्हणून मी सगळ्यांच्या समोरच काढलं. रत्नी गिरणीच्या उंबऱ्यात पाट घेऊन बसली. गाव घातलं. तालुका घातला. तारीख, नंबर घातला. मग टाक वर धरून थांबली. शाईचा थेंब टोकाला लोंबत राहिला.

"आत्याबाई, नुसतं नाव न्हाई मी लिवनार. घ्यायचं तर रीतीनं घेईन."

"घे की. पन घे."

ती वाकली आणि लिहीत सुटली. तो रकाना बोटभर. ओळ रकान्यातून बाहेर आली, कडेनं खाली उतरली, वळली आणि गावाच्या डोक्यावर जाऊन बसली. मी म्हटलं, काय लिहिलंस एवढं? तिनं तोंडाला पदर लावला. "तुमीच वाचा." बायांना हसू फुटलं. मी म्हटलं, पोरी, चेष्टा कुणाची करतेस? वाच.

इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू येईना. तर थोरल्यानं वाल्मीकला खूण केली, आणि इंजिन थांबलं. एकदम सगळं शांत. रत्नीनं कार्ड तोंडासमोर धरलं, म्हणजे कुणाकडे बघायला नको, आणि वाचलं:

"आंबेमोहर सडला, दाणा नाही मोडला,
भिवाजीरावांचं नाव लिहून कागद विलायतेला धाडला."

बायांनी जो गलका केला तो विलायतेपर्यंत कार्डाच्या आधी पोचला असेल. थोरला पट्टा तपासायला खाली वाकला तो वर येईना. पट्ट्यात काही बिघाड नव्हता.

ते कार्ड वाचून कंपनीवाल्यांना काय समजायचं ते समजो. रकाना कोरा नाही, एवढं त्यांना दिसेल.

गलका ऐकून, म्हणजे बघून, घरधनी ओटीवरून काठी टेकत आले. इंजिन थांबलेलं पाहून म्हणाले, "पुन्ना मोडलं का काय?" मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, मोडलं नाही, सूनबाईनं नवऱ्याचं नाव लिहिलं. त्यांनी रत्नीच्या हातातलं कार्ड बघितलं. मग म्हणाले, "आन माजं? माजं कवा लिवून घेनार?"

म्हटलं, "तुमच्या हमीची मुदत कवाच सपली."

हे लिहू नकोस म्हटलं, तरी लिहिते आहे बघ.